काच नको

ती म्हणाली, काच नको.
मी म्हटलं, बाई, ही गिरगावची हवा,
चौपाटी इथून चार मिनिटांवर,
खारं वारं माझ्या खिळ्यांना सोडत नाही
ते तुमच्या कागदाला काय सोडणार?
ती म्हणाली, तेच तर.

उत्पला तिचं नाव. वडील माझगाव गोदीत वेल्डर होते.
टेम्पोतून दोघांनी मिळून जे उतरवलं
ते चित्र की भंगार, मला ठरवता येईना.
मधोमध दारावरची पाटी, पत्र्याची, हातभर.
भोवती राजपत्राची कात्रणं, थरावर थर,
जुने नाव, नवे नाव, असे दोन रकाने,
कुणी लग्नानं बदललेलं, कुणी ज्योतिषानं,
कुणी कशानं ते लिहिलेलं नाही.
वरून मेण ओतलेलं,
मेणात तिच्या आईच्या गुडघ्याचा एक्स-रे,
आणि खालच्या कडेला मीठ,
वडाळ्याकडचं, जाडं, अजून पाझरणारं.

पाटी तिनं ब्लेडनं खरवडली होती.
वर निळ्यावर पांढरं आडनाव, गावाचं,
मुलगी शाळेत जायच्या आत बापानं घेतलेलं.
त्याखाली हिरवा, मग रेड ऑक्साइड,
आणि तळाशी, पत्र्याला धरून,
आधीचं आडनाव, जेमतेम दीड अक्षर.
ते मी वाचलं. मोठ्यानं नाही.
तिनं मला वाचताना पाहिलं
आणि वाचू दिलं.

माझा धंदा थांबवण्याचा.
नवरानवरीला मी हारासकट थांबवतो,
दहावीच्या सर्टिफिकेटावरचे टक्के पिवळे पडू देत नाही,
वाळवीशी माझं तीस वर्षांचं भांडण.
आणि ही म्हणते, गंजू दे. मीठ कुठवर चढतं ते बघायचंय.
प्रदर्शन संपेल तेव्हा हे वेगळं असेल,
घेणाऱ्याच्या घरी आणखी वेगळं.
म्हटलं, मग घेणारा घेतो काय?
ती खिशातून टेप काढून माप घ्यायला लागली,
माझं माप चुकलंय का ते बघायला.

मे महिना. चार दिवस काम दुकानात.
तिसऱ्या रात्री शटर ओढताना माझा धीर सुटला.
शेल्फवरची काच उतरवली,
पुसली, आणि हळूच पाटीवर ठेवली.
एका रात्रीपुरती, कुणाला कळणार.

सकाळी काचेला आतून घाम.
मेण उकाड्यानं सैल होऊन काचेला चिकटलेलं.
जपूनच उचलली,
तरी निळ्या रंगाचा एक पापुद्रा
पत्रा सोडून काचेबरोबर आला:
आडनावाच्या शेपटाचं ‘कर’,
माझ्या बाजूनं सरळ, तळातून बघितलं तर उलटं.
त्याच्या जागी पाटीवर
जुन्या नावाचं आणखी अर्धं अक्षर उघडं.

फोन करायला दुपार झाली.
ती आली. मी सगळं सांगितलं,
पैसे घेणार नाही तेही सांगितलं.
तिनं काच ट्यूबलाइटसमोर धरली,
एकदा अशी, एकदा तशी,
इतका वेळ, की बाहेर उभं गिऱ्हाईक निघून गेलं.
मग म्हणाली, बाबा चिडले असते.
मग म्हणाली, नाही, हसले असते.
मग काहीच नाही.
बॅगेतून जुनी साडी काढून काच तिच्यात गुंडाळली
आणि फ्रेमला वरून हात फिरवला, साग आहे ना, म्हणाली.

मी बिलबुक काढलं.
वर छापलंय मोतीवाला पिक्चर फ्रेमर्स,
मोतीवाला शेठ जाऊन बावीस वर्षं झाली,
मी रामकृष्ण तोंडवळकर,
फोनवर कुणी मोतीवाला का विचारलं तर हो म्हणतो.
कुठल्याच राजपत्रात हे नाही.

विचारलं, बिल कुणाच्या नावानं करू?
तिनं बोर्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
तुम्ही कुणाच्या नावानं देताय?

कार्बन उलटा लागला होता, तो सरळ केला.
नावाची ओळ तशीच सोडली.
खाली लिहिलं: फ्रेम, सागवानी, एक नग.
काच:
आणि पेन तिथंच थोडा वेळ टेकवून ठेवलं.